दोन बहिणींचा नमुना

थोरलीला शहात्तरावं लागलं, तरी गल्लीत सगळे तिला थोरलीच म्हणत. जिच्यामुळे ती थोरली ठरली, ती धाकटी मात्र सहाव्या वर्षीच गेली होती.

संग्रहालयातून फोन आला तो लेकीनं घेतला आणि स्पीकरवर टाकला. नगरपालिकेच्या जुन्या गोदामात एका खोक्यात हातभर उंचीचं ब्राँझचं शिल्प सापडलं होतं. दोन मुली, एक मोठी, एक लहान. चौकातल्या कारंज्यासाठी केलेला नमुना. कारंजं झालंच नाही. त्या फ्रेंच शिल्पकाराचं आपल्याकडचं एवढं एकच काम उरलंय, असं फोनवरच्या बाई सांगत होत्या.

"या मुली कोण, हे सांगू शकेल असं कुणी आहे का?"

"मी आहे की," थोरली म्हणाली आणि चांगले कपडे काढायला उठली.

त्या शिल्पकाराला गल्ली मुसू म्हणायची. दोन वर्षांसाठी म्हणून आला आणि बावीस वर्षं राहिला, पण भाषा काही त्याला वश झाली नाही. 'बसा' आणि 'पुसा' यांत त्याचा कायम घोळ. तो "पुसा" म्हणाला की दोघी बहिणी मुद्दाम फडकं घेऊन स्टूल पुसत बसायच्या आणि खिदळायच्या. मुसू मातीत घडवायचा आणि थोरलीचे वडील, ते ओतारी, ते काम ब्राँझमध्ये ओतायचे. त्या वर्षी रोज दुपारी तासभर दोघी त्याच्यासमोर उभ्या राहायच्या. धाकटी थोरलीच्या झग्याचं टोक मुठीत धरून.

मग धाकटीला ताप आला आणि अकराव्या दिवशी ती गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. पुढच्या वर्षी काढू, पुढच्या वर्षी काढू म्हणता म्हणता राहूनच गेला होता.

शिल्प ओतून झालं, तेव्हा आई एकदाच ते बघायला कारखान्यात गेली; थोरलीला कुणी नेलं नाही. परत आली ती भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडून राहिली. इतकं हुबेहूब उतरलं असेल की आईला सोसलं नाही, असं सगळ्यांना वाटलं. थोरलीलाही. जगात एका जागी तरी धाकटीचा चेहरा आहे, या भरवशावर तिनं सदुसष्ट वर्षं काढली.

संग्रहालयातल्या बाईंनी तिला रबरी हातमोजे दिले, टेबलावरचा दिवा लावला आणि शिल्पावरचं कापड काढलं. थोरली चष्मा सावरून वाकली. दोन्ही चेहरे तिनं आळीपाळीनं पाहिले.

"ही मी," शेवटी मोठीकडे बोट दाखवून ती म्हणाली.

"आणि ही लहान?"

"हीसुद्धा मीच."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. खोक्यात मुसूची एक चिठ्ठी निघाली होती. तिचा अर्थ बाईंना आत्ता कुठे लागला. त्यांनी केलेलं भाषांतर वाचून दाखवलं.

'माती ओली ठेवायला ओतारी रोज तिच्यावर ओलं फडकं टाकायचा. मी परगावी होतो. तो अकरा दिवस लेकीच्या उशाशी होता. परत आलो तर लहानीचा चेहरा सुकून फुटलेला. बाकी सगळं शाबूत. ओताऱ्यानं माझे पाय धरले, म्हणाला, तिच्या आईला कळू देऊ नका. आठवून घडवायला चारदा बसलो, जमलं नाही. शेवटी मोठीला बोलावलं.'

"फक्त झग्याच्या चुण्यांसाठी, असं म्हणाला होता मला," थोरली म्हणाली. "तिच्या स्टुलावर उभं केलं होतं. मी रडत होते, तर लिमलेटची गोळी दिली खायला."

मग तिनं चष्मा पुसला. "आईला बघताक्षणीच कळलं असणार हो. पोटच्या पोरीचा चेहरा तिला कळणार नाही? आणि बाबा समजत राहिले, कळलं नाही म्हणून. दोघं एका घरात चाळीस वर्षं अळीमिळी गुपचिळी."

लेकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. थोरली पुन्हा शिल्पाकडे वळली. झगा धरलेली ती छोटी मूठ तिनं निरखून पाहिली. करंगळी जराशी बाहेर वळलेली होती. दारात चेमटल्यापासून धाकटीची करंगळी तशीच होती. थोरलीनं हातमोजा काढला. बाई मुद्दाम खिडकीकडे बघत राहिल्या. थोरलीनं त्या करंगळीवर आपलं बोट ठेवलं. ब्राँझ गार होतं.

"पाटीवर काय लिहू?" जरा वेळानं बाईंनी विचारलं. "चेहऱ्याचं नाही लिहिलं तरी चालेल."

"लिहा. तिला पाहिलं असं वाटून कुणी फसायला नको. पण हात तिचा आहे, तेही लिहा." आणि तिनं दोघींची नावं सांगितली.

परतताना बसथांब्यावर लेकीनं विचारलं, "आई, मावशी दिसायची कशी गं?"

थोरली बोलायला गेली आणि थबकली. डोळे मिटून आठवत राहिली. तेवढ्यात बस आली, माणसं चढली, लेकीनं तिला खिडकीजवळ जागा करून दिली.

"खूप हसायची," दोन थांबे गेल्यावर ती म्हणाली. त्यापुढे तिला काही सांगता आलं नाही.