हौसाक्काच्या दारावरून

मी एक जुनी पावाची गाडी आहे. आता माझ्या पाठीत पाव नसतात, पलंग असतो, पण माझी कुळकथा पावापासूनच सुरू होते. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आपली थोरवी सांगतो. थोडीशी माझ्याकडेही आहे, ती आधी सांगून घेते. पण मला खरं सांगायचंय ते एका संध्याकाळबद्दल. ती आठवली की अजून मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. चिपळुणातल्या एका बेकरीवाल्यानं मला घेतलं आणि चौदा वर्षं मी पाव, बटर, खारी, नानकटाई घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडले. माझा आवाज ऐकला की पोरं चड्ड्या सावरत रस्त्यावर यायची. बायका म्हणायच्या, “गाडी आली, चहा टाका.” एवढं कौतुक भल्याभल्या मोटारींच्या वाट्याला येत नाही. पुढे बेकरी बंद पडली. मालकानं मला एका गॅरेजमागे काजूच्या झाडाखाली उभं केलं, “बघू नंतर” म्हणाला आणि गेला तो गेलाच. तीन पावसाळे मी तिथं काढले. माझ्या सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झाली. बॉनेटवर कोंबड्या बसायच्या आणि जाताना बॉनेटची शोभा करून जायच्या.

तिथून मला रघूकाकांनी सोडवलं. काका अलोऱ्याचे, कोयना प्रकल्पाच्या वीजघरातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी फ्रान्समध्ये नोकरी करते. तिनं आईबाबांना बोलावून घेतलं होतं आणि एक कॅम्पर गाडी भाड्यानं घेऊन बारा दिवस तिथल्या खेड्यापाड्यांतून फिरवलं होतं. दिवसाला जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर जायचं. नदी दिसली की थांबायचं, द्राक्षांचे मळे लागले की खाली उतरून चालायचं, गावातल्या बेकरीतून गरम पाव आणायचा आणि गाडीतच झोपायचं. माझ्यातल्या वायरी जोडताना काका हे सगळं मला सांगत. बेकरीचं आलं की मी कान टवकारायची.

पण त्यांच्या सांगण्यात सारखी यायची ती विमलकाकू. “तिथं ती सकाळी स्वतःपुरता चहा करायची आणि गाडीच्या पायरीवर बसून प्यायची. हिला लग्नानंतर कधी गरम चहा प्यायला मिळाला असेल, तर तो तिथं.” काकूला तशी एक सकाळ पुन्हा हवी होती. आपल्या मुलखात, आपल्याच गाडीत. म्हणून काकांनी मला निळा रंग दिला, आत पलंग बसवला, दोन शेगड्यांचा गॅस ठेवला. काकूनं जुन्या साडीचे पडदे शिवले. तो पलंग बसवला तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? जन्मभर मी ओझं वाहिलं होतं. माझ्या पोटात कुणी माणूस झोपेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी त्या रात्रीची वाट बघायला लागले.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही निघालो. अलोऱ्यातून राजापूर आणि पुढं समुद्रापर्यंत, आठ दिवस, अगदी रमतगमत. पण फ्रान्स आणि रत्नागिरी जिल्हा यांत एक मोठा फरक आहे, तो ना काकांच्या लक्षात आला ना काकूच्या. फ्रान्सात त्यांचे नातेवाईक नव्हते!

पहिल्याच दिवशी संगमेश्वराजवळ काकांचे चुलतभाऊ धोंडूदादा रस्त्यातच उभे. काका म्हणाले, “आम्ही गाडीतच झोपतो रे. तेवढ्यासाठीच तर निघालोय.”

“का? माझं घर काय पडलंय?” धोंडूदादांचा आवाज चढला. “गाडीत झोपलात तर गाव माझ्या तोंडात शेण घालील. चल, उतर. वैनी, उतरा.”

झालं. दोघं माजघरात झोपली आणि मी अंगणात, रिकामी. दुसऱ्या दिवशी पालीला तेच, तिसऱ्या दिवशी लांज्यातही तेच. लांज्याच्या भाचीनं तर माझ्यातली उशीच उचलून घरात नेली. सकाळी काकू उठायच्या आत तिचा चहा तयार, पाहुणी म्हणून कपबशीत, आणि समोर चार बायका विचारपूस करायला बसलेल्या. काकू हसून उत्तरं द्यायची. गाडीत येऊन बसली की मात्र मागच्या रिकाम्या पलंगाकडे बघत राहायची. मीही आतल्या आत धुसफुसत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी राजापूर जवळ आलं. मुख्य रस्ता सोडून आम्ही सड्याकडे निघालो. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं मोकळं माळरान. तिथून खाली अर्जुना नदी दिसते. मात्र त्या वाटेवर, उताराला लागूनच, हौसाक्काचं घर होतं. हौसाक्का ही काकूची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा काकूची वेणीफणी हिनंच केलेली. नवरा गेल्यापासून ती घरात एकटी होती.

“अहो,” काकू म्हणाली, “आक्काकडं थांबलो की आज पण तेच. जेवण, गप्पा नि माजघरात गादी. आपण येताना जाऊ तिच्याकडं. एक रात्र फक्त.”

“तिला कळलं तर?”

“कसं कळेल? दिवस कुठं सांगितलाय आपण?”

उताराच्या तोंडाशी काकांनी इंजिन बंद केलं आणि मला तशीच खाली सोडली.

मित्रांनो, आता माझा गुन्हा ऐका. माझा सरकता दरवाजा जन्माचा खडखडतो. तीन वाड्यांपलीकडे आवाज जातो त्याचा. त्या उतारावर मी तो गच्च धरून ठेवला. शिवाय, जुन्या गाडीला बंद पडायला कारण लागत नाही. आदल्याच दिवशी मी एका म्हशीला बघून बंद पडले होते. त्या घरापुढे ब्रेक आवळून रुसून उभी राहिले असते, तर दोघांना उतरावंच लागलं असतं. पण मला तो पलंग एकदाचा कुणी वापरायला हवा होता. एवढ्याशा हौसेपायी मी चोरासारखी हौसाक्काच्या दारावरून गेले. काकू समोर बघत होती. काका समोर बघत होते. मीही समोरच बघत होते. खालच्या वळणावर गेल्यावर काकांनी इंजिन चालू केलं.

सड्यावर आम्ही मुक्काम केला. हवा गार होती, वर चांदणं, कुणाचाही त्रास नाही. दोघं पलंगावर आडवी झाली. पण काकू सारखी कूस बदलत राहिली, आणि प्रत्येक वेळी माझ्या स्प्रिंगा कुरकुरल्या. उजाडल्यावर तिनं चहा केला, पायरीवर बसली, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“चला,” ती म्हणाली. “आक्काकडं जाऊ आधी.”

आम्ही उलटे आलो. आक्काच्या दाराला कुलूप होतं.

शेजारचा दादू गुरं सोडत होता. तो आम्हाला बघून थबकला. “आक्का गेली की गो मावशी. सातच्या एसटीनं. डोंबिवलीचा पुतण्या आलेला न्यायला. गुडघे चालत नायत ना तिचे. आता तिकडंच राहायची ती.”

“काय बोलली नाही ती फोनवर!” काकूनं माझ्या दाराची कड धरली.

“सांगितलं तर विमल रडत येईल, मजेत येऊ दे तिला, असं म्हणत होती. जायची ती परवाच होती. पालीसून फोन आला तुम्ही येताय म्हणून, मग पुतण्याला दोन दिवस थांबवलान तिनं.”

तेव्हा काकांचं लक्ष गेलं. अंगणाभोवतीच्या गडग्याला, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाला, मधोमध एक खिंड पाडलेली होती. चिरे बाजूला नीट रचलेले होते. आतली जमीन चोपून सपाट केलेली होती. फणसाची एक आडवी फांदी ताजी तोडलेली होती.

“हे काय रे?” काकांनी विचारलं.

“तुमच्या गाडीला जागा,” दादू म्हणाला. “माझ्याकडनं गडगा काढून घेतलान. सांगितलान, त्यांना घरात बोलवू नका कोण. गाडीतच झोपू देत, हौसेनं आलेत. मी पण जरा आत बसून बघीन, म्हणाली, विमलच्या हातचा चहा पिईन.”

मित्रांनो, साऱ्या गोतावळ्यात मला समजून घेणारी एकच बाई होती. तिच्याच दारावरून मी आवाज न करता निघून गेले होते.

काकूनं फोन लावला. एसटीच्या घरघरीतून आक्काचा आवाज आला. “बोल गो.”

“आक्का, आम्ही काल...” काकूनं सुरुवात केली.

“हां, बघितली ना गाडी. निळी आहे. पडदे चांगले शिवलेस.” आक्का म्हणाली. “पडवीतच बसलेली मी. गाडीचा आवाज कसा तो येईना, मला वाटलं बंदच पडली. म्हणून दादूला मागनं पाठवला, धक्का मारायला. आला का तो?”

काकूनं दादूकडे पाहिलं. दादूनं मान खाली घातली.

“वळणापर्यंत आलेलो,” तो हळूच म्हणाला. “तिथं तुम्ही इंजिन चालू केलंत. मग परत फिरलो. आक्काकडं गेलोच नाय मग, सरळ घरी.”

काकू फोनवर म्हणाली, “हो आक्का, आला होता.”

“मग बरं झालं,” आक्का म्हणाली.

त्या दिवशी आम्ही कुठंच गेलो नाही. काकांनी मला खिंडीतून आत घेतलं. मी तिथं तंतोतंत मावले, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. काकू बंद दारापुढच्या पायरीवर बसून राहिली. काकांनी एक चिरा उचलला, गडगा परत लावावा म्हणून. “नका लावू,” काकू म्हणाली, “मे महिन्यात तिला घेऊन येऊ आपण.” काकांनी चिरा जागच्या जागी ठेवला. आक्का येईल की नाही, ते तिघांतल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मित्रांनो, माझं तेल बदला, मला धुवा-पुसा, असं मागणं मी मागणार नाही. म्हाताऱ्या गाड्यांचं सगळेच सांगतात. मला दुसरंच मागायचंय. आपल्या माणसाच्या दारावरून जाताना तुम्हाला थांबायचं नसेल, तर नका थांबू. एखादी रात्र आपल्यासाठी हवीशी वाटणं यात पाप नाही. पण दारात उभं राहून तसं सांगा. आणि तेवढंही धैर्य नसेल, तर निदान भोंगा वाजवून जा. आत बसलेल्या माणसाला कळू दे की तुम्ही धडधाकट आहात आणि आपल्या मर्जीनं पुढं निघालात. नाहीतर ते तुम्हाला ढकलायला माणूस धाडतं.