घरात आलेलं शिसं

"हे वाक्य कोणाचं?" चैताली मॅडमनी पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून विचारलं.

पौर्णिमा वाकून बघू लागली, पण तिला ते वाक्य पाठ होतं. बॅटरी दुरुस्त करणाऱ्यांच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरात येते आणि ते कपडे धुणाऱ्या बायकांच्या अंगात जाते.

"माझंच आहे, मॅडम."

"म्हणजे कोणी मोजलेलं नाही."

"मोजलं असेल. मला अजून सापडलं नाही."

"मग सापडेपर्यंत ते इथे राहणार नाही." मॅडमनी वाक्यावरून सरळ रेघ ओढली. "पौर्णिमा, तुझा प्रकल्प वाचनाचा आहे. ज्यांनी मोजलंय त्यांचं वाचायचं, एकाशेजारी एक ठेवायचं आणि त्यातून काय दिसतं ते सांगायचं. आपल्याला काय वाटतं ते घरी ठेवून यायचं."

पौर्णिमाने मान हलवली. टेबलाखाली तिचा पाय मघापासून हलत होता, तो काही थांबला नाही.

बीडच्या त्या कॉलेजात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला सगळ्यांना पुरेल एवढी प्रयोगशाळा नव्हती. त्यामुळे निम्म्या मुलांना प्रयोग मिळाले आणि निम्म्यांना वाचन. पौर्णिमाचं नाव वाचनात आलं तेव्हा वर्गातला प्रवीण म्हणाला होता, "तुझं बरंय, खुर्चीत बसून डिग्री." तिला राग आला होता. मॅडमनी पुढे केलेल्या विषयांतून तिने शिसं उचललं, ते केवळ वडिलांचं मांजरसुंब्याच्या चौकात बॅटरीचं दुकान होतं म्हणून. अर्धं तर आपल्याला माहीतच असेल, असं तिला वाटलं होतं.

पण वाचायला लागल्यावर तिची झोप उडाली. शिशाने पोटात कळा येतात. माणूस चिडका होतो. मनगटातली ताकद जाते आणि हात वर उचलत नाही. परदेशातल्या डॉक्टरांनी परदेशातल्या कामगारांबद्दल लिहिलेलं होतं, आणि तिला मात्र प्रत्येक ओळीत तिचे वडील, भारत, दिसत होते. चहाचा कप उजव्या हाताने उचलून डाव्याने खालून आधार देणारा, पोट धरून अंगणात फेऱ्या मारणारा तिचा बाप.

ती लायब्ररीत एका जागी बसेना. दोन पानं वाचली की उठायची, व्हरांड्यात जायची, पाणी प्यायची, परत यायची. एसटीतून चौसाळ्याला घरी जातानाही मोबाईलवर लेख उघडलेला असे, आणि मांजरसुंब्याचा थांबा आला की ती खिडकीतून दुकानाकडे बघायची नाही.

एका रविवारी सकाळी सरूबाई अंगणातल्या दगडावर नवऱ्याचा शर्ट झटकत होती. उन्हात बारीक करडी धूळ उडाली.

"आई, ते झटकू नको."

"कावून?"

"आधी पाण्यात बुडव. आन् तोंडाला फडकं बांध."

सरूबाईने शर्ट खाली केला आणि लेकीकडे बघितलं. "येवढी वर्सं धुतेय. आज काय नवं झालं?"

"धूळ चांगली नसती ती."

"काल म्हनलीस डबा येगळा ठेव. परवा म्हनलीस पप्पाची पिशवी घरात आनू नको. पोरी, तुझ्या अभ्यासाचं खूळ माझ्या डोक्याला कावून लावतीस?"

पौर्णिमाने ओला फडका घेतला आणि घरातली फरशी कोपऱ्यापासून पुसायला घेतली. सरूबाईने सकाळीच ती पुसली होती.

मॅडमनी खोडलेल्या वाक्यासाठी ती पुढचे कित्येक दिवस शोधत राहिली, आणि शेवटी तिला हवं होतं ते सापडलं. एका लेखात कामगारांच्या बायकामुलांचं रक्त तपासलेलं होतं. दुसऱ्यात कपडे धुण्याबद्दलही होतं. तिसरा लेख तिने न शोधताच समोर आला. शिशाशी संबंध आलेल्या बायकांमध्ये गर्भ न टिकण्याचं प्रमाण जास्त आढळलं, असं त्यात लिहिलं होतं.

पौर्णिमाने लेख बंद केला, परत उघडला, आणि उभं राहूनच तो शेवटपर्यंत वाचला.

तिच्यानंतर सरूबाईला दोनदा दिवस गेले होते. पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरायच्या आधी आलं, ते मेलेलंच. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. फक्त चंद्रभागा आत्या, भारतची थोरली बहीण, लग्नकार्यात कधी आली की बायकांत बसून म्हणायची, "आमच्या भारतचं नशीब. हिच्या कुशीतच दम न्हाई." सरूबाईच्या कानावर ते जायचं. ती हातातली भाकरी थापत राहायची.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा मॅडमच्या खोलीत गेली. तिन्ही लेखांच्या प्रती तिने टेबलावर ठेवल्या. मॅडमनी चाळल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला.

"आता तुझं वाक्य परत लिहिता येईल. छान शोधलंस."

"मॅडम, एक विचारू? यावरून एखाद्या घराबद्दल सांगता येतं?"

"कुठल्या घराबद्दल?"

पौर्णिमाने सांगितलं. सलग सांगता आलं नाही, मध्येमध्ये ती खिडकीकडे बघत राहिली. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही सांगता येत," त्या हळू म्हणाल्या. "हजार घरांबद्दल सांगता येतं. एका घराबद्दल नाही. बाळ न टिकायला कितीतरी कारणं असतात आणि तेव्हा कोणी काही तपासलेलं नाही. ते आता कोणालाच कळणार नाही."

"मग हे वाचून उपयोग काय, मॅडम?"

मॅडमनी तिन्ही प्रती एकावर एक रचून तिच्याकडे सरकवल्या. मग म्हणाल्या, "आजचं रक्त तपासता येतं. दोघांचं तपासून घे. तुझ्या प्रकल्पात ते येणार नाही, मी येऊ देणार नाही. पण तपासून घे."

त्या दिवशी पौर्णिमा मांजरसुंब्यालाच उतरली. हॉटेलांसमोर ट्रक उभे होते. भारत दुकानाच्या दारात बुटक्या स्टुलावर बसला होता. बॅटरीचे पोल, म्हणजे वायर जोडायची टोकं, ओतण्यासाठी गॅसवर लोखंडी कढईत शिसं वितळत होतं. जुन्या बॅटरीच्या प्लेटा काढून बाजूला ढीग केलेला होता.

"हितं कावून उतरलीस? तब्येत बरी हाय ना?"

"तुमच्याशी बोलायचंय, पप्पा. आधी गॅस बंद करा."

लेकीचा चेहरा बघून त्याने गॅस बंद केला. तिने जमेल तसं सांगितलं. पोटातल्या कळा, मनगट, धूर, धूळ. भारत ऐकता ऐकता हसला.

"अगं, उस्तादानं मला पयल्याच दिवशी सांगितलंतं. रोज गुळाचा खडा खायाचा, शिसं बाधत न्हाई. म्या एक दिस चुकवला न्हाई."

उस्ताद म्हणजे बीडचे खाजामियाँ. त्यांच्या हाताखाली भारत हे काम शिकला होता.

"गुळानं जातं असं कुनी दाखवलेलं न्हाई, पप्पा."

"तू लई वाचलंस म्हून."

"उस्तादांचे हात शेवटी कसे झालते?"

भारतचं हसू थांबलं. शेवटी खाजामियाँना घास उचलता येत नव्हता. त्यांची बायको आमिनाबी त्यांना लहान मुलासारखं भरवायच्या. भारत दर शुक्रवारी भेटायला जायचा आणि दरवेळी म्हणायचा, वयच झालंय. आता त्याने आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि मनगट वर उचलायचा प्रयत्न केला. थोडं उचललं, मग थरथरून खाली आलं.

"बरं. करू तपासनी," तो म्हणाला.

"आईची बी करायची."

"तिची कावून? ती कवा दुकानात आली?"

पौर्णिमा त्याच्या शर्टाकडे बघत राहिली. तिची नजर कुठे आहे हे बघायला भारतने मान खाली घातली. छातीवर, बाह्यांवर नेहमीची करडी धूळ होती. त्याने ती तळहाताने झटकायला हात नेला आणि मध्येच थांबवला.

"कपडे तीच धुती," तो म्हणाला.

"हां."

"लग्नापासून."

रस्त्यावरून एक कंटेनर गेला. त्याचा आवाज पार विरेपर्यंत भारत बाहीवरच्या धुळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती दोन लेकरं..."

"पप्पा, ते मला म्हाईत न्हाई."

"म्या तुला इचारलं न्हाई," भारत म्हणाला.

त्या दिवशी त्याने गॅस परत पेटवला नाही. कढईतलं शिसं तसंच गोठून गेलं.

पुढच्या आठवड्यापासून तो दुकानाच्या मागेच अंघोळ करू लागला. कामाचे कपडे तिथेच बादलीत धुवायचा आणि दुसरे घालून घरी यायचा. सरूबाईला त्याचा राग आला. दोन दिवस ती धुसफुसत राहिली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी काय मेले का, तुमी सोता धुनं करताय? चौकातली मानसं काय म्हनतील?"

"म्हनू दे," भारत म्हणाला. त्याने कारण सांगितलं नाही. पौर्णिमानेही सांगितलं नाही. 'दोघांचंबी रक्त तपासायचंय' एवढंच आईला सांगून ती दोघांना बीडला घेऊन गेली. तिथे नमुना घेतला आणि पुढे पुण्याला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत पौर्णिमाने प्रकल्पाचं शेवटचं प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलं. 'सिद्ध होते' असं लिहायची, खोडायची, 'आढळते' असं लिहायची. जेवताना उठायची. रस्त्याने चालता चालता मागे वळायची आणि आपण का वळलो ते तिला आठवायचं नाही.

रिपोर्ट आला. भारतच्या रक्तात शिसं बरंच होतं. सरूबाईच्या रक्तात त्याहून कमी होतं, पण दुकानाची पायरीही न चढलेल्या बाईच्या मानाने ते जास्तच होतं. डॉक्टरांनी शिसं वितळवणं बंद करायला सांगितलं. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांनी परत तपासू म्हणाले. मनगटाबद्दल भारतने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बघू. थोडं सुधारेल."

भारतने कढई विकून टाकली. आता तो फक्त बॅटऱ्या चार्जिंगला लावायचा आणि नव्या बसवून द्यायचा. जुन्या गिऱ्हाइकांना ते पटेना. "पोल ओतून दे की बे," ट्रकवाले म्हणायचे. तो नाही म्हणायचा, आणि ते पुढच्या दुकानात जायचे.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी प्रकल्प चाळला आणि पौर्णिमाला विचारलं, "यात तुमचं स्वतःचं काय आहे?"

"काही नाही, सर," ती म्हणाली. "सगळं दुसऱ्यांनी मोजलेलं आहे. कुठवर म्हणता येतं आणि कुठून पुढे म्हणता येत नाही, तेवढी सीमा मी आखली."

सरांनी मान डोलावली आणि पान उलटलं. चैताली मॅडम टेबलावरचे कागद नीट करत होत्या.

त्याच संध्याकाळी सरूबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. पौर्णिमा तिच्याजवळ येऊन बसली, उठली, परत बसली. भारत दारात पाठमोरा उभा होता, रस्त्याकडे तोंड करून.

"डॉक्टर म्हनले माझ्या रक्तात बी हाय," सरूबाई म्हणाली.

"हां, आई."

"धुन्यातनं."

पौर्णिमाने चमकून बघितलं.

"मी अडानी हाय, येडी न्हाई. तुमी दोघं मला कपड्याला हात लावू देत न्हाई, मला कळत न्हाई व्हय?" तिने एक काडी मोडली. "मंग मला एक सांग. ती दोन लेकरं त्यानंच गेली का?"

दारातली पाठ हलली नाही. पौर्णिमाला दोन्ही उत्तरं द्यावीशी वाटली. हो म्हटलं असतं तर आत्याचं ते एवढ्या वर्षांचं बोलणं एका शब्दात पुसलं गेलं असतं. नाही म्हटलं असतं तर दारातल्या माणसाला आत यायला तोंड राहिलं असतं. तिने आईच्या हातांकडे बघितलं.

"सांगता येत न्हाई, आई. कुनालाच येनार न्हाई आता."

मेथीचं एक एक पान खुडत सरूबाईने ती जुडी संपवली.

"पन मंग माझ्याच कुशीत खोट व्हती," ती म्हणाली, "असं बी कुनाला म्हनता येत न्हाई ना?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

"मंग बास."

तिने पदराने हात पुसले आणि परडी बाजूला सारली. उठली मात्र नाही. समोर अंगणात धुण्याचा दगड कोरडा होता. त्याच्याकडे बघत ती बोलू लागली. पौर्णिमाने तिला याबद्दल कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"दुसरी पोरगी व्हती. नर्सबाईनं दावली मला. झोपल्यावानी दिसत व्हती. डोक्यावर लई केस व्हते तिला."

"कुरळे," दारातून भारत म्हणाला.