जांभळ्या झाकणाची नळी

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी शिकाऊ नवीची वही टेबलावर अशी आपटली की सुयांचा डबा खुळखुळला.

"नव्वद झाले म्हणे! आकडे काय, कुणीही लिहितं. हात कुठंय हात?"

वहीत शंभर रुग्णांचं रक्त काढल्याच्या नोंदी आणि खाली बाईंची सही, एवढं झालं की प्रयोगशाळेत नोकरी. मुदत शनिवारपर्यंत. नाहीतर थोरल्या भावाच्या शिवणाच्या दुकानात काजं करायचं स्टूल नवीसाठी रिकामंच होतं. जेवणाचा डबा हातात देताना वहिनी रोज विचारायची, "काय वन्सं, आज टोचायला की काजं करायला? काम शेवटी सुईचंच!"

बाई तिथल्या मशीनपेक्षा जुन्या. शिकवायच्या कमी, सोलायच्या जास्त.

गुरुवारी नवी वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचं रक्त काढायला गेली. शीर सापडेना, म्हातारा शिव्या घालायचं थांबेना. लाल झाकणाची नळी पाव भरली आणि रक्त थेंबथेंब यायला लागलं. म्हणून तिनं दुसऱ्या तपासणीची, जांभळ्या झाकणाची नळी लावली, तर तिच्यात भसकन आलं. तसंच घेऊन ती खाली आली.

"एवढंसं?" बाईंनी लाल नळी उजेडाकडे धरली. "मशीनला काय नुसता वास द्यायचा?" आणि जांभळीचं झाकण काढून तिच्यातलं रक्त सरळ लालमध्ये ओतलं. "असं भागवायचं असतं. बघून ठेव."

"बाई, जांभळीत ते रक्त न गोठण्याचं औषध असतं..."

"मला शिकव आता! काल आलीस, आज मास्तरीण झालीस."

अर्ध्या तासानं मशीननं आकडे दिले. पोटॅशियम नऊच्या वर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. बाईंनी वॉर्डात फोन लावला. "पोटॅशियम नऊ. हो, नऊच. नव्या पोरीनं काढलंय, पण आकडा तो आकडा."

नवीनं आकडे पुन्हा वाचले. जांभळीतलं औषध पोटॅशियमचंच मीठ, आणि कॅल्शियम पकडून ठेवणारं. हे आकडे त्या औषधाचे होते. असं रक्त अंगात असलेला माणूस तिला शिव्या घालत बसला नसता.

"बाई, पुन्हा काढते."

"दाराबाहेर पाय टाकलास तर सही विसर."

नवीनं पाय टाकला.

वॉर्डात सिस्टरच्या हातात पोटॅशियम उतरवायचं इंजेक्शन तयार होतं. "बाजूला हो गं. डॉक्टरांनी सांगितलंय."

"ते रक्त बिघडलेलं आहे. आधी पुन्हा काढू द्या."

"कुणी बिघडवलं?"

"बाईंनी. जांभळीतलं लालमध्ये ओतलं. माझ्या डोळ्यांदेखत."

सिस्टरनं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि डॉक्टरांना फोन लावला. म्हातारा ओरडला, "पुन्हा हीच भवानी?" या वेळी शीर एका टोचण्यात सापडली. पोटॅशियम चार निघालं, निरोगी माणसाइतकं. इंजेक्शन कचऱ्यात गेलं.

शनिवारी बाईंनी दार लोटलं आणि पेन पुढं केलं. आवाज पहिल्यांदाच गोड होता.

"वरून विचारणा झालीय. एक्याण्णवच्या, त्या म्हाताऱ्याच्या नोंदीत शेरा लिही, की नळी तू ओतलीस. नवशिकी आहेस, तुला कुणी फासावर देणार नाही. उरलेले नऊ मी भरून घेते, सही आत्ता करते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर जा, काजं कर. तुझ्या वहिनीचा फोन आला होता मला. तू इथं टिकली नाहीस तर बरंच, म्हणाली."

नवीनं पेन घेतलं. एक्याण्णवच्या ओळीत सावकाश, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं : जांभळ्या नळीतलं रक्त बाईंनी लाल नळीत ओतलं. दुसऱ्यांदा काढल्यावर निकाल बरोबर आला. मग वही बाईंकडे फिरवली.

"करा सही. याच्याखाली."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. पेनाला टोपण लावलं. "चालती हो." नवी वही उचलून बाहेर पडली.

सोमवारी वहिनीनं सुईत दोरा ओवून दिला आणि पैज जिंकल्यासारखी हसली. नवीनं दात आवळून पहिलं काज केलं. वही तिच्या मांडीखाली होती. शंभरातले नऊच उरले होते, आणि शहरात आणखी तीन प्रयोगशाळा होत्या.