हार्लनचा घसरता सूर

चर्चच्या तळघरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कॉफीचे कप हातातच गार झाले होते आणि टेबलावरची लाकडी पेटी बोलत होती. डि-डा-डि-डि-डिट. ना वायर, ना एरियल.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रेडिओवरून मोर्सचे टिंब-रेघांचे संदेश पाठवताना कळ दाबण्याची प्रत्येकाची लकब वेगळी, हस्ताक्षरासारखी. हा हात माझ्या रेडिओ क्लबातल्या दोस्ताचा, हार्लनचा होता, आणि हार्लनला आम्ही वसंतात पुरलं होतं.

"'थांब' म्हणतोय," मी पुटपुटलो.

"ऐकलंत?" मेलेल्यांशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्या ब्रदर क्लाइडने डोळे मिटले. "थेट स्वर्गातून. ही दुकानातली वस्तू नव्हे, बंधूंनो. आत्मे सांगत गेले, मी जोडत गेलो. अस्सल घरची बनावट. हार्लन म्हणतोय, बायको, अंगाला सुरी लावून घेऊ नकोस."

एका 'थांब'मधून एवढं वाक्य काढणं, ही कला मात्र खरोखर घरची बनावट होती.

हार्लनची बायको आयडा सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनला जाणार होती. ते टाळलं तर हा हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मी नाही जात, व्हर्न," ती मला म्हणाली. तिचे ओठ निळसर पडले होते. मला भीती पेटीची वाटत होती की तिच्या जिवाची, तेच कळेना.

पेटी पुन्हा वाजली. या वेळी मी हाताकडे लक्ष न देता नुसता सूर ऐकला. प्रत्येक ठोक्याला तो खाली घसरत होता. हार्लनने आपला ट्रान्समीटर भंगारातल्या टीव्हीच्या सामानातून बनवला होता. कळ दाबली की कमजोर ट्रान्सफॉर्मर धापा टाकायचा आणि सूर घसरायचा. रेडिओ क्लबात सगळे त्यावरून त्याला चिडवायचे. पण तो जाण्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघांनी ट्रान्सफॉर्मर बदलला आणि सूर सरळ झाला.

"ब्रदर," मी म्हणालो, "हात आत्म्याचा असेल एक वेळ. पण तो फेकून दिलेला ट्रान्सफॉर्मर त्याला स्वर्गात कुणी नेऊन दिला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि घरची बनावट म्हणताय ना? आमच्या क्लबात ती झाकण काढून दाखवावी लागते. कंपनीचा तयार माल नव्या पेटीत घातला, तर तिला आम्ही घरची बनावट म्हणत नाही."

क्लाइड पेटीवर ओणवा झाला. "उघडलंत तर आवाज कायमचा जाईल. बाई, नवऱ्याला दुसऱ्यांदा मारणार का?"

माझा पुढे गेलेला हात थिजला. आयडा मात्र उठली. तिने त्याला बाजूला सारलं आणि झाकण उघडलं.

"हार्लनने कधी कुणापासून काही झाकलं नाही," ती म्हणाली. "कुणी विचारलं की जेवण टाकून दाखवायचा."

आत दुकानातला साधा कॅसेट रेकॉर्डर फिरत होता. रेडिओवरचं बोलणं कुणालाही टेप करता येतं. कुणीतरी केलेली, ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधीची टेप क्लाइडला कुठल्याशा जुन्या बाजारात मिळाली होती, हे मागाहून कळलं. आणि ते 'थांब' हार्लन रोजच पाठवायचा, जेवायला उठताना, पलीकडच्या गड्याला.

आयडाने स्वतः बटण दाबून टेप बंद केली आणि ढसाढसा रडली. सोमवारी मी तिला हॉस्पिटलात नेलं. आता ती माझ्यावर ओरडण्याइतकी बरी आहे.

गेलेल्याचा आवाज ऐकावासा वाटतो, त्यात लाज कसली? पण त्या आवाजाच्या नावाने कुणी तुमचं औषध बंद करू लागला, तर त्याला प्रश्न विचारा. मीही घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसालाही प्रश्न विचारता येतो.