सावित्रीबाईंचा दुसरा जबाब

त्या रविवारी शिरोड्यात गुरुदासांच्या घरी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांच्या पत्नी सावित्रीबाई सकाळपासून खोबरं खवत होत्या. धाकटी मुलगी संचिता आदल्या दिवशीच पुण्याहून आली होती. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात तिला एका हायड्रोजन प्रयोगशाळेत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती; त्यातले दोनच सरले होते. वडिलांनी फोनवर "दोन दिवस ये" एवढंच सांगितलं होतं. येणारं स्थळ कुठलं, हे तिला घरी आल्यावर कळलं.

स्थळ देवेशचं होतं. म्हणजे तिच्या भावोजींचंच. थोरली बहीण दिव्या दोन वर्षांपूर्वी सासरी गॅसच्या भडक्यात गेली होती, मागे तिची चार वर्षांची मुलगी सई राहिली. बायको गेली की पाठची बहीण त्याच घरात द्यायची. पोराला आई मिळते, जावई हातचा जात नाही, आणि जुन्या गोष्टी कुणी उकरून काढत नाही. इतक्या सोयीच्या व्यवस्थेत त्या बहिणीला विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

दिव्या गेल्यापासून सावित्रीबाई शेगडी पेटवताना तोंड फिरवत. काही करपल्याचा वास आला की हातातलं टाकून मागीलदारी जात. कुणीही हाक मारली तरी त्यांच्या तोंडून आधी "काय गो दिव्या?" असंच येई, आणि मग घरातलं सगळं बोलणं बंद पडे.

आईचं मन रमावं म्हणून संचिता प्रयोगशाळेतलं सांगत बसली.

"आये, हायड्रोजनची आग दिवसाउजेडी डोळ्यांक दिसणा नाय. म्हणान आमचो जुनो तंत्रज्ञ पुढे झाडू धरून चलता. झाडू पेटलो काय समजायचा, आग थंय आसा."

"वाडवण पेटता?" कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघत सावित्रीबाईंनी विचारलं.

"पेटता तर. मगे आमका सगळा लिवन काढूचा लागता. काय जळला ता, आणि बाजूक आसान काय जळूक नाय ता पण."

सावित्रीबाईंचा हात थांबला.

"दिव्याच्या रांदपाच्या खोलयेत वाडवण शेगडेक टेकान होती," त्या हळूच म्हणाल्या. "तिचो एक हीर जळूक नाय. न्हाणयेची भिंत मात्र काळी कुट्ट."

"मगे पोलिसांक काय सांगलंस?"

"गॅसचो भडको. सगळ्यांनी सांगल्यानी तसा."

संचिताला आईचा भयंकर राग आला, आणि तितकीच कीवही आली. दोन वर्षं ही बाई त्या काळ्या भिंतीसमोर एकटी उभी होती.

पाहुणे आले. देवेशची आई नर्मदाबाई ऐसपैस बसल्या.

"सईक आवस होयी. भायरची बायल हाडलंव तर ती जीव लावतली? संचिता तेची मावशीच आसा."

"शिकाक गेला ता बरा झाला. आता पुरे," गुरुदास म्हणाले.

"लग्नानंतर जांव दे परत. मी नको म्हणूचंय नाय," देवेश मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

सावित्रीबाई दारात आल्या. हातात चहा नव्हता.

"विहीणबाय, भडको गॅसचो झालो, तर न्हाणी कशी काळी झाली?"

देवेशने मोबाइल खाली ठेवला. नर्मदाबाईंचा चेहरा उतरला.

"मेलेल्या माणसाच्या गोष्टी आता कित्याक काढतास?"

"जित्या चेडवासाठी," सावित्रीबाईंनी धाकट्या मुलीकडे बोट केलं. "ह्या चेडू तुमच्या घरात येवचा नाय. सईक हय हाडून सोडा, आमी वाढयतलंव."

"गप रव," गुरुदास ओरडले. त्या गप्प राहिल्या नाहीत. न्हाणीची भिंत, शेगडीला टेकलेली केरसुणी, सगळं त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं. पाहुणे उठून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या संचिताला घेऊन तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेल्या. गुरुदास आले नाहीत. अधिकाऱ्याने जुना जबाब काढून वाचला, नवा लिहून घेतला.

"दोन वर्षं का गप्प राहिलात?"

"धाकटा चेडू लग्नाचा होता, सायबानू. थोरलेचा असा भायर पडला तर धाकल्याक स्थळ येवचा नाय, असा सगळ्यांनी सांगल्यानी."

"मग आलं स्थळ?"

"इला."

"कुणाचं?"

सावित्रीबाईंनी देवेशचं नाव सांगितलं.