हॅलोबाईंचा बोर्ड

शवागाराची दोरी बाळंतघराच्या भोकात खोचलेली पाहून हॅलोबाई चालता चालता थबकल्या. तिच्या शेजारची दोरी स्वयंपाकघरातून थेट एक्स-रेला गेलेली. रक्तपेढी मोकळीच. रुग्णालयाच्या या टेलिफोन बोर्डासमोर ऑपरेटर म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या बाईला हे बघवणं शक्यच नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, लाल पट्टा ओलांडला आणि दोन्ही हातांनी दोऱ्या उपटून जागच्या जागी लावायला सुरुवात केली.

"ओ आजी! हात नका लावू!" जनसंपर्क खात्यातली मुलगी टाचा वाजवत धावत आली. "दोन तास घालवलेत मी त्यावर. लाल, हिरवी, लाल, हिरवी. फोटोत छान दिसतं."

"अगं, पण मढ्याचा फोन बाळंतिणीला लागेल की!"

"आता कुठे लागणार आहे?"

खरंच होतं. बोर्डाच्या मागच्या तारा कापल्याला सात वर्षं झाली होती, आणि त्या हॅलोबाईंच्या डोळ्यांदेखत कापल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतले. मुलीने पुन्हा शवागार बाळंतघराला जोडलं.

रुग्णालयाच्या दर्शनी दालनात जुन्या वस्तूंचा कोपरा उघडणार होता, आणि हा बोर्ड त्यातला मानकरी. महिन्यापूर्वी संचालकांनी स्वतः फोन केला होता. "उद्घाटनाला याच. बोर्डापाशी कोणीतरी माणूस लागेलच माहिती सांगायला. बघू." त्या एका 'बघू'वर हॅलोबाई महिनाभर जगल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी विचारत नव्हतं. घरात फोन वाजला की अजूनही त्या सवयीने उठत आणि सून आतून म्हणे, "आई, माझा आहे." रोज हजार माणसं एकमेकांना जोडून देणाऱ्या बाईला स्वतःचा म्हणून एक फोन येत नव्हता.

निमंत्रणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'रेलिक'. सून शाळेत इंग्रजी शिकवायची. हॅलोबाईंनी तिला अर्थ विचारला.

"बाकीचं सगळं गेल्यावर मागे उरलेली वस्तू," सून वह्या तपासता तपासता म्हणाली. "साधुसंतांची हाडं, दात काचेत ठेवतात ना, त्यालाही म्हणतात. आदराने जपलेलं."

"दातसुद्धा? आणि माणसाला म्हणतात का गं?"

"म्हणतात. पण चांगल्या अर्थाने नाही."

"तुझ्यासारख्यांना म्हणतात, आई," मुलगा पेपरामागून म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाला. हॅलोबाईही हसल्या. 'आदराने जपलेलं' एवढंच त्यांनी पदराला बांधून घेतलं होतं.

अकराला फीत कापली गेली. डॉक्टर, देणगीदार, पेशंटांचे नातेवाईक अशी बरीच गर्दी झाली. संचालकांनी बोर्डाशेजारचं एक हिरवं बटण दाबलं आणि एक तरुण, गोड आवाज दालनभर पसरला. "नमस्कार! मी या रुग्णालयाची हॅलोबाई."

खऱ्या हॅलोबाईंनी चमकून मागे पाहिलं. म्हणजे माहिती सांगायला माणूस लागणार नव्हता.

आवाज पुढे सांगू लागला. एके दुपारी दूरच्या खाणीवरून एका बापाचा फोन आला. त्याची सहा वर्षांची लेक इथे अत्यवस्थ होती. बोलता बोलता लाइन तुटली. "पण मी हार मानली नाही. पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. शेवटी लागला! आणि बाप आपल्या लेकीशी पोटभर बोलला." टाळ्या पडल्या. एका देणगीदार बाईंनी डोळे टिपले.

हॅलोबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ही हकिकत त्यांनीच त्या जनसंपर्कवाल्या मुलीला सांगितली होती. जन्मात पहिल्यांदा. नवरा गेला, पण त्यालाही ती कधी कळली नव्हती. दोरी काढण्याआधी लाइनवर जाऊन "झालं का बोलून?" असं तीनदा विचारायचं, हा ऑपरेटरचा नियम होता. त्या दुपारी बोर्डावर एकदम वीस फोन आले होते. त्यांनी एकदाच विचारलं. कोणी बोललं नाही. त्यांनी दोरी उपटली. बापाला पुन्हा लाइन मिळाली ती संध्याकाळी, आणि तोवर खाटेवरची चादर बदलून झाली होती. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "बाई, मी गप्प होतो कारण तिचा श्वास ऐकत होतो."

गर्दी चहाकडे वळल्यावर हॅलोबाईंनी संचालकांना गाठलं. "साहेब, तो नाही बोलला. लाइन तुटली नव्हती, मी तोडली होती. मी सांगितलं होतं त्या जनसंपर्कवाल्या मुलीला."

"ठाऊक आहे मला." संचालक हसतच होते, कारण फोटोवाला समोर होता. "अहो, लोक इथे आजारी माणसं घेऊन येतात. त्यांना काय हे ऐकवायचं?"

"पण खोटं आहे ते."

"हॅलोबाई, रेलिक म्हणजे काय? त्याने नुसतं असायचं असतं. बोलायला बटण आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हाला यायचंय ना इथे? शनिवार-रविवार येऊन बसा खुर्चीवर. खरी हॅलोबाई बघून लोकांना बरं वाटेल. फक्त दुरुस्त करायचं नाही काही. दोऱ्याही नाही आणि गोष्टही नाही. जमेल?"

हॅलोबाई 'नाही' म्हणणार होत्या. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्यांना रविवारची दुपार आठवली. बाहेरच्या खोलीत मुलगा-सून, टीव्ही, हसणं, आणि आत पलंगावर पाय दुमडून बसलेल्या त्या, कोणी हाक मारतंय का याकडे कान लावून.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

"आजपासूनच बसा की," संचालक म्हणाले आणि चहाकडे गेले.

त्या खुर्चीत बसल्या. बसल्यावर पाठ आपोआप ताठ झाली, याची त्यांना लाजही वाटली आणि बरंही वाटलं. इतक्यात काखेत फाइल धरलेली एक बाई जवळ आली. दोन-तीन दिवस झोप नसावी, असा चेहरा. तिने स्वतःच बटण दाबून गोष्ट पुन्हा ऐकली होती.

"तुम्हीच का हो त्या? माझी मुलगी वर ॲडमिट आहे. तिचे बाबा बोटीवर आहेत, फोन लागतच नाहीये." तिने हॅलोबाईंचा हात घट्ट धरला. "तुमचं ऐकून धीर आला बघा. तो खरंच बोलला ना तिच्याशी?"

हॅलोबाईंनी पाहिलं. जनसंपर्कवाली मुलगी पलीकडून त्यांच्याकडेच बघत होती.

"हो," त्या म्हणाल्या. "बोलला."

"काय म्हणाला?"

हॅलोबाईंनी घसा साफ केला, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि तो बाप लेकीशी काय काय बोलला, ते सांगायला सुरुवात केली.