अर्लीनची नाडी

कोंबडी कापायचा कारखाना बंद पडला आणि आम्हा दीडशे बायकांच्या हातात सरकारनं कागद ठेवला: नर्सच्या हाताखालचं काम शिका, आठ आठवडे, फुकट. मी, व्हर्नेल, सत्तेचाळीसची, अर्लीन अठ्ठावन्नची. बावीस वर्षं एकाच पट्ट्यावर शेजारी शेजारी उभं राहून कोंबड्या कापल्या आणि आता या वयात शाळेच्या बाकावर. मिसिसिपीत आम्हाला सगळं असंच उशिरा मिळतं.

मला राग यायचा. अर्लीनला यायचा नाही. तिला या शिक्षणानंतर मिळणाऱ्या नोकरीतलं एकच हवं होतं, आजारपणाचा विमा.

"पगार गेला चुलीत," ती म्हणायची. "मला एकदा डॉक्टरकडे ताठ मानेनं जायचंय."

वर्गात शिकायचं ते एकमेकींवरच. एकीनं पेशंट व्हायचं, दुसरीनं तिची कूस बदलायची, तिला भरवायचं, नाडी मोजायची. अर्लीन पलंगावर अशी निपचित पडायची की मी म्हणायचे, "बाई, सोंग पुरे, नाहीतर चर्चला सांगून फुलं मागवते." ती डोळे मिटूनच हसायची.

पाचव्या आठवड्यात तिची नाडी मोजली. एकशे अठ्ठावीस. तीही सरळ नाही. चार ठोके धावत, मग एक गायबच. पुन्हा मोजली, तेच.

"अर्लीन, काय आहे हे?"

"हळू बोल." तिनं माझं मनगट धरलं. "शहात्तर लिही."

"वेड लागलंय का तुला? बाईंना सांगते मी."

"सांग. त्या म्हणतील, डॉक्टरची चिठ्ठी आण. डॉक्टरला काय देऊ, कपाळ? चिठ्ठी नाही तर वर्ग नाही, वर्ग नाही तर विमा नाही. थोडेच दिवस राहिलेत गं. विम्याचं कार्ड हातात आलं की पहिली तिथंच जाते, देवाशपथ."

आम्हाला शिकवणाऱ्या क्लॉडेटबाई कडक. पहिल्याच दिवशी उशिरा आलेल्या एकीला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. मी शहात्तर लिहिलं. पुढेही लिहीत राहिले, कधी चौऱ्याहत्तर, कधी अठ्ठ्याहत्तर.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी अर्लीन गेली. चर्चला निघाली होती. बहीण न्यायला आली तर ही पलंगाच्या कडेशी, एका पायात बूट, दुसरा हातात. परीक्षा मी दिली, पासही झाले. सर्टिफिकेट घेताना रडू आवरेना आणि लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय.

त्याआधी, अर्लीनचं दफन झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये जेवणं चालली होती, तेव्हा क्लॉडेटबाई ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या होत्या. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"बुधवारी दुपारी मी कुठे जाते, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"धर्मादाय दवाखान्यात. पैसे घेत नाहीत तिथे. गेल्या वर्षी वर्गातल्या दोघींना मीच घेऊन गेले."

"आणि त्यांची वर्गातली जागा?"

"धरून ठेवली. दोघी नोकरीला लागल्या." बाई माझ्याकडे वळल्या. "आजारी पडली म्हणून मी कुणाला काढून टाकेन, असं वाटलं तुम्हाला?"

"वाटलं," मी म्हणाले.

खरंच वाटलं होतं. कारखान्यात आजारी पडलेल्या बाईच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी उभी राहिलेली आम्ही बावीस वर्षं पाहिली होती. बाईंना विचारून तरी बघावं, हे आमच्या दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.